भविष्यातली शहरं इतकी कळकट का असतात?

सायबरपंक विज्ञानकथांमध्ये पाऊस फार पडतो. दिवस क्वचितच उजाडतो. वर निऑन पाट्यांचा झगमगाट आणि खाली तुंबलेली गटारं. नायकाच्या मेंदूला थेट संगणकाची वायर जोडता येते, पण राहत्या खोलीचं भाडं थकलेलं असतं. अशी गोष्ट पहिल्यांदाच वाचणाऱ्याला एक रास्त शंका येते: विज्ञान एवढं पुढे गेलंय, हुबेहूब माणसासारखे यंत्रमानव तयार होतायत, मग त्यातल्या एकाच्या हातात झाडू द्यायला कुणाचं काय जात होतं?

यावर ठरलेलं उत्तर असतं, 'वातावरणनिर्मिती'. तेवढ्यावर भागतंही, पण मग या साहित्याचं मुख्य म्हणणंच हातचं निसटतं. हॅकर, रोबो, महाकाय कंपन्या हे सगळं इतर विज्ञानकथांतही सापडतं. सायबरपंकला जे सांगायचंय ते त्याच्या रस्त्यांवर सांडलेलं असतं. नव्या तंत्रज्ञानातून कुणाला काय मिळालं आणि कुणाच्या वाट्याला उरलंसुरलं आलं, याचा हिशेब तिथे उघड्यावर मांडलेला दिसतो.

आधीचं भविष्य कसं होतं, ते थोडं पाहू. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने 'फ्युचरामा' नावाचा भव्य देखावा उभा केला होता. नॉर्मन बेल गेडिस या डिझायनरने त्यात १९६० सालची अमेरिका छोट्या प्रतिकृतींतून मांडली होती. सरळसोट महामार्ग, ऐसपैस अंतरावर उभे टॉवर, कुठे गर्दी नाही की कचरा नाही. लोक सरकत्या खुर्च्यांत बसून हे शहर वरून बघत पुढे जात. वरून, हे महत्त्वाचं. विमानातून कुठलंही शहर स्वच्छच दिसतं.

पुढे सायबरपंकचा सर्वांत मोठा लेखक ठरलेल्या विल्यम गिब्सनने १९८१ साली 'द गर्न्सबॅक कन्टिन्यूअम' नावाची कथा लिहिली, ती या चकचकीत भविष्याची फिरकी घेणारी. १९३०च्या दशकातल्या 'भविष्यवादी' इमारतींचे फोटो काढायचं काम एका फोटोग्राफरला मिळतं. काम करता करता त्याला ते कधीच न आलेलं भविष्य भुतासारखं दिसायला लागतं: धडधाकट, सुखी, गोरी माणसं आणि त्यांचं निष्कलंक शहर. तो घाबरतो. त्यावर उतारा काय, तर टुकार टीव्ही आणि जगभरच्या वाईट बातम्या. त्या पाहिल्या की भूत पळतं. सायबरपंकची सगळी वृत्ती या छोट्याशा कथेत आलेली आहे.

ही वृत्ती हवेतून आली नव्हती. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. साउथ ब्रॉंक्समध्ये वस्त्याच्या वस्त्या जळत होत्या. १९७७च्या जुलैमध्ये शहराची वीज गेली आणि रात्रभर लुटालूट झाली. आता गंमत बघा, ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे घरी ठेवता येणारे तिन्ही गाजलेले संगणक बाजारात आले तेही १९७७मध्येच. घरात संगणक येतोय आणि बाहेर शहर कोसळतंय, हे या पिढीच्या लेखकांनी एकाच वर्षात, एकाच बातमीपत्रात पाहिलं. या प्रकाराची ओळख पुढे 'हाय टेक, लो लाइफ' या चार शब्दांत करून देण्याची पद्धत पडली, ती त्यामुळेच चपखल बसते.

बरबँकमधला एक रस्ता

या शहराचा चेहरा ठरवला तो १९८२च्या 'ब्लेड रनर' या चित्रपटाने. दिग्दर्शक रिडली स्कॉट, स्थळ लॉस अँजलिस, काळ नोव्हेंबर २०१९.

चित्रपट फिलिप के. डिकच्या १९६८च्या कादंबरीवर आधारलेला आहे. पण मूळ कादंबरीतलं शहर सॅन फ्रान्सिस्को आहे आणि ते चक्क ओस पडलेलं आहे. महायुद्धाच्या किरणोत्सारी धुळीनंतर बहुतेक लोक परग्रहावर निघून गेलेत. आख्ख्या इमारतीत एकटाच राहणारा एक माणूस त्यात आहे. शेजारच्या रिकाम्या खोल्यांत वापरलेल्या काड्या, च्युइंगगमची वेष्टणं, जुनी वर्तमानपत्रं असा भंगार पसारा आपोआप वाढत चाललाय, अशी त्याची समजूत आहे. स्कॉटने हे उलटं केलं. त्याने रस्ता माणसांनी खच्चून भरला आणि ओसाडपणा इमारतींच्या आत ठेवला. चित्रपटातला सेबॅस्टियन हा जनुक-अभियंता अशाच एका रिकाम्या, गळक्या इमारतीत एकटा राहतो. तो परग्रहावर का गेला नाही? वैद्यकीय तपासणीत नापास झाला म्हणून. एवढ्या एका तपशिलातून सगळी गर्दी समजते. आकाशातून फिरणारं जाहिरातीचं विमान परग्रहावरच्या नव्या आयुष्याची आमिषं दाखवत असतं, आणि खाली उभे असतात ते सगळे मागे राहिलेले.

रस्ता दिसायला इतका खरा का वाटतो, यामागे सिड मीड नावाच्या चित्रकाराचा मोठा हात आहे. त्याला बोलावलं होतं गाड्यांची चित्रं काढायला. त्याने गाड्यांच्या मागे रस्तेही रंगवले आणि स्कॉटला तेच आवडले. कल्पना साधी होती: जुनी इमारत पाडायला पैसा लागतो, त्यापेक्षा तिच्या अंगावर बाहेरून पाइप, केबल, हवेचे नळ चढवणं स्वस्त पडतं. म्हणून भविष्यातली इमारत नवी दिसणार नाही. ती जुनीच असेल, फक्त अंगावर ठिगळं वाढलेली असतील.

हे शहरांबद्दलचं अत्यंत शहाणं निरीक्षण आहे. नवं तंत्रज्ञान जुन्याला हटवून येत नाही, ते जुन्याच्या डोक्यावर येऊन बसतं. फ्युचरामातल्या शहराला भूतकाळच नव्हता. ब्लेड रनरमध्ये उडत्या गाड्यांच्या काळातला पोलीस १८९३ साली बांधलेल्या ब्रॅडबरी बिल्डिंगमध्ये शिरतो, आणि आपल्याला ते जराही खटकत नाही.

सेट उभा केला होता लॉस अँजलिसजवळच्या बरबँकमधल्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या आवारात, न्यूयॉर्कसारख्या दिसणाऱ्या एका जुन्या कायमस्वरूपी रस्त्यावर. त्याच्या दर्शनी भिंतींवर कारागिरांनी पाइप आणि नळकांडी चढवली. कॅमेऱ्यात धड वाचताही येणार नाहीत असे तपशील तिथे होते. रस्त्याकडेच्या पार्किंग मीटरवर इशारा लिहिलेला होता की छेडछाड केलीत तर आतल्या विजेच्या यंत्रणेने जीव जाऊ शकतो. चार नाणी वाचवण्यासाठी मीटर फोडणारे लोक आणि चार नाण्यांसाठी माणूस मारायला तयार असलेली व्यवस्था, दोन्ही एका डब्यावर.

आणि तो सुप्रसिद्ध पाऊस, धूर, रात्र? बराचसा भाग अडचणीतून सुचलेला आहे. सेट कुठे संपतो आणि मागे काय आहे ते झाकायला अंधार, पाणी आणि धूर यांच्याइतकं स्वस्त साधन नव्हतं. पुढची चाळीस वर्षं जगभरचे चित्रपट आणि व्हिडिओ गेम ज्या 'शैली'ची नक्कल करत राहिले, तिच्या मुळाशी स्टुडिओची मागची बाजू लपवण्याची खटपट होती. मला यात कमीपणा वाटत नाही. अडचणीतून निघालेली युक्ती अर्थ मिळवते तेव्हा कामाची ठरते. या चित्रपटात सूर्य ठसठशीत दिसतो तो कृत्रिम माणसं बनवणाऱ्या कंपनीचा मालक टायरेल याच्या दालनात, त्याच्या पिरॅमिडच्या माथ्यावर. खालच्यांच्या वाट्याला पाऊस, वरच्याच्या वाट्याला ऊन. इथे उंची हाच वर्ग आहे. ही मांडणी फ्रिट्झ लँगच्या १९२७च्या 'मेट्रोपोलिस'पासून चालत आलेली आहे, तिथे मालक आकाशात राहत आणि कामगार जमिनीखाली.

चिबाचा बारवाला

ब्लेड रनर प्रदर्शित झाला तेव्हा गिब्सन आपली पहिली कादंबरी लिहीत होता. तो चित्रपट पाहायला गेला आणि वीसेक मिनिटांत उठून बाहेर आला. आपल्या डोक्यातलं शहर आधीच कुणीतरी पडद्यावर आणलंय हे त्याला सोसेना. सुदैवाने लिहिणं थांबलं नाही. १९८४ साली 'न्यूरोमॅन्सर' आली आणि ह्यूगो, नेब्युला, फिलिप के. डिक हे विज्ञानकथांचे तिन्ही पुरस्कार तिला मिळाले.

कादंबरी सुरू होते ती जपानमधल्या चिबा बंदरावरच्या आकाशापासून. त्या आकाशाचा रंग कसा, तर बंद पडलेल्या चॅनेलवर लावून ठेवलेल्या टीव्हीसारखा. इथली माणसं निसर्ग ओळखतात तो यंत्राच्या उपमेने, हे पहिल्याच वाक्यात कळतं.

मग येतो रॅट्झ, चात्सुबो नावाच्या दारूच्या अड्ड्याचा बारटेंडर. त्याचा एक हात कृत्रिम आहे, रशियन लष्कराचा, जुन्या बनावटीचा. ग्लास भरताना तो कुरकुरतो. वरचं गुलाबी प्लास्टिक कळकटलंय. दात म्हणजे पूर्व युरोपातलं पोलाद आणि तपकिरी कीड यांची सरमिसळ. लेखक पुढे म्हणतो की ज्या काळात सौंदर्य सहज विकत मिळतं, त्या काळात रॅट्झचं कुरूप राहणं हेच एखाद्या मानचिन्हासारखं वाटतं. हा एकच परिच्छेद नीट वाचला तरी सायबरपंकमध्ये मळ कशासाठी असतो ते उमगतं. हात आश्चर्यकारक आहे, पण त्याचं आश्चर्य कुणालाच वाटत नाही. तो कधीतरी कुठल्यातरी युद्धात होता, मग भंगारात, मग या माणसाच्या खांद्याला. आधीच्या विज्ञानकथांत नवं यंत्र यायचं ते प्रयोगशाळेतून, कोरं करकरीत. इथे ते येतं सेकंडहँड बाजारातून.

गिब्सनने त्याआधी १९८२च्या 'बर्निंग क्रोम' या कथेत एक वाक्य लिहिलं होतं, ते या सगळ्या साहित्याचं ब्रीदवाक्य झालं: रस्ता वस्तूंचे आपले आपले उपयोग शोधून काढतो. कंपनी एखादी गोष्ट बनवते एका हेतूने. ती गल्लीत पोचली की तिचं काय होईल हे कंपनीच्या हातात राहत नाही. ज्यांनी नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग गोळा करून कॉम्प्युटर जोडून आणलाय, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणून सायबरपंकला हवा असतो शहराचा असा भाग, जिथे कुणी फार बघत नाही. न्यूरोमॅन्सरमध्ये चिबाच्या कडेला 'नाइट सिटी' नावाचा गुन्हेगारीचा पट्टा आहे: चोरटे दवाखाने, अवयवांचे दलाल, शवपेटीएवढ्या खोल्यांची हॉटेलं. (कॅप्सूल हॉटेल त्या वेळी कल्पना राहिलेली नव्हती. किशो कुरोकावा या वास्तुविशारदाचं पहिलं कॅप्सूल हॉटेल ओसाकात १९७९ साली सुरू झालं होतं.) हा पट्टा सरकारने खपवून का घेतला असावा, याचं एक उत्तर नायक केसला पटण्याजोगं वाटतं. वाढत्या तंत्रज्ञानाला कायद्याबाहेरची जागा लागते. नाइट सिटी तिथल्या रहिवाशांसाठी नाहीच, ते तंत्रज्ञानाचं मुद्दाम मोकळं सोडलेलं मैदान आहे.

माझ्या मते या कादंबरीतली ही सर्वांत धारदार कल्पना आहे, आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. सहसा आपण बकाल वस्ती म्हणजे व्यवस्थेचं अपयश असं समजतो. गिब्सन सुचवतो की ती व्यवस्थेची सोय आहे. ज्या शस्त्रक्रिया उघडपणे करता येत नाहीत त्या तिथे होतात, ज्यांचं कुणी विचारणार नाही अशा माणसांवर होतात, आणि जमलेलं तेवढं पुढे कंपन्यांच्या स्वच्छ इमारतींत जातं. घाण आणि चकचकाट हे एकाच धंद्याचे दोन मजले आहेत.

या गोष्टींची चौकट जुन्या अमेरिकन गुप्तहेरकथांतून उचललेली आहे, तीही याच कारणासाठी. खासगी गुप्तहेर हा भाड्याने घेतलेला माणूस. त्याला श्रीमंताच्या बंगल्यातही जावं लागतं आणि जुगाराच्या अड्ड्यावरही. त्याच्या मागे चालत गेलं की शहराचा उभा छेद मिळतो. सायबरपंकमधला हॅकर तसाच भाड्याचा. न्यूरोमॅन्सरची सुरुवात चिबाच्या गल्लीत होते आणि शेवटाकडची चढाई अंतराळातल्या एका धनाढ्य घराण्याच्या हवेलीत.

खरोखरची तटबंदी नगरी

कल्पनेतल्या या वस्त्यांना एक खरा नमुना होता. हाँगकाँगमधली काउलून वॉल्ड सिटी. सुमारे २.६ हेक्टर जागा, म्हणजे साडेसहा एकरांच्या आसपास, आणि १९८७च्या पाहणीनुसार तिथे राहणारी सुमारे ३३,००० माणसं. हे प्रमाण चौरस किलोमीटरमागे साडेबारा लाखांवर जातं.

ती तशी का झाली, याचं कारण कागदावरचं आहे. १८९८च्या करारात ब्रिटिशांना भोवतालचा मुलूख भाडेपट्ट्याने मिळाला, पण हा जुना किल्ला चीनच्याच ताब्यात ठेवला गेला. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी चिनी अधिकाऱ्यांना हुसकावलं, तरी चीनने हक्क सोडला नाही. मग दोघांनीही तिकडे दुर्लक्ष करणं पसंत केलं. नियम लागू करायला कुणी नाही म्हटल्यावर इमारती एकमेकींना टेकून वाढत गेल्या. वाढ थांबली साधारण चौदाव्या मजल्यावर, कारण शेजारीच काई ताक विमानतळ होता आणि विमानं डोक्याला घासून जात. गल्ल्या एक-दोन मीटर रुंद. वरून पाइप सतत गळत, म्हणून ऊन असलं तरी लोक छत्री घेऊन हिंडत. सरकारी नळ मोजून आठ, बाकीचं पाणी विहिरींतून पंपाने गच्चीवर.

तिथे दंतवैद्यांच्या पाट्यांची रांगच होती. चीनमध्ये शिकून आलेल्या दंतवैद्यांची पदवी हाँगकाँगमध्ये धरली जात नसे. भिंतीबाहेर ते बेकायदा, आत ते डॉक्टर. बाहेरून गरीब लोक दात काढायला आत येत, कारण स्वस्त पडे. गिब्सनचे 'चोरटे दवाखाने' आठवा. फरक इतकाच की इथले डॉक्टर शेजारच्या घरात राहत, त्यांची मुलं संध्याकाळी गच्चीवरच्या अँटेनांच्या जंगलात खेळत. माशांचे गोळे बनवणारे छोटे कारखाने होते, देवळं होती, वृद्धांसाठी सोय होती.

१९९३-९४मध्ये ती पाडली आणि १९९५मध्ये तिथे बाग झाली. त्याच १९९५ साली मामोरु ओशीचा 'घोस्ट इन द शेल' हा ॲनिमेशनपट आला. त्यातलं शहर हाँगकाँगवर बेतलेलं आहे. मध्येच कथा थांबते आणि तीन-चार मिनिटं संवादाविना नुसतं शहर दिसतं: कालव्यातून सरकणारी नाव, पाट्यांची गर्दी, छतांवरून खाली आलेलं विमान, पाऊस. नायिका बहुतांशी यंत्र आहे आणि आपण माणूस आहोत का याचा शोध घेतेय. ती शहर बघत जाते तेव्हा तिला खिडकीत आपल्यासारखाच चेहरा दिसतो. बनवलेलं, जोडजोडून वाढलेलं, आत काय आहे ते न कळणारं, असं शहर आणि अशीच ती. पुढच्या वर्षी, १९९६मध्ये, गिब्सनच्या 'इडोरू' कादंबरीत हॅकरांनी संगणकाच्या जाळ्यावर नवी वॉल्ड सिटी बांधली. कायद्याची नजर पोचणार नाही अशी जागा म्हणूनच.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. हाँगकाँग, टोकियो ही कुणाची तरी घरं होती. न्यूरोमॅन्सर लिहिली तोवर गिब्सनने जपान पाहिलेलाच नव्हता, तो व्हँकुव्हरला राहत होता. सोनी आणि टोयोटाच्या त्या काळात अमेरिकेला जपानची धास्ती वाटत होती, आणि ही धास्ती अनोळखी लिपीतल्या पाट्यांच्या रूपाने या शहरांत शिरली. ब्लेड रनरमध्ये नूडल्स विकणारा आणि कृत्रिम डोळे बनवणारा आशियाई आहेत, गोष्ट मात्र गोऱ्या माणसांची. आशियाई गर्दी दाखवली की प्रेक्षकाला 'जग बिघडलं' हे आपोआप कळेल, असा त्यामागे हिशेब होता. हा या साहित्याचा खराखुरा दोष आहे, आणि तो शैलीवरच्या प्रेमापोटी झाकायचं कारण नाही.

आपण मराठी वाचक तर हे जरा तिरकेच बघणार. लोंबत्या वायरी, गळके पाइप, दहा बाय दहाच्या खोलीत चाललेला कारखाना हे पाहून आपल्याला भविष्य आठवत नाही. आपल्याकडे कळकट महानगर साहित्यात आलं ते चालू वर्तमान म्हणून. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२चा, न्यूरोमॅन्सरच्या बारा वर्षं आधीचा. श्रीमंत देशाच्या लेखकाला 'उद्या आपलं असं होईल' म्हणून जी भीती वाटते, तिच्यात कोट्यवधी लोक आज सकाळी पाणी भरून कामाला गेलेले असतात.

नकलांचं काय झालं ते सांगण्यात फार वेळ घालवत नाही. निऑन, छत्र्या आणि ओला रस्ता एवढं दाखवलं की सायबरपंक झालं, अशी समजूत पसरली. त्यातल्या बऱ्याच शहरांत कोण कुठे राहतं, पाणी कुठून येतं, बिघडलेली वस्तू कोण दुरुस्त करतं, याचा पत्ताच नसतो. ती वॉलपेपरची शहरं आहेत.

भारतीय लेखकांनी मात्र हा साचा घेताना हुशारीने वाकवला. समित बसूच्या २०२०च्या 'चोझन स्पिरिट्स'मध्ये नजीकच्या भविष्यातली दिल्ली आहे. तिथे विषमता दाखवायला निऑनची गरज पडत नाही, पाणी, हवा आणि कॅमेऱ्यांची पाळत पुरते. त्याच वर्षीच्या लावण्या लक्ष्मीनारायणच्या 'ॲनालॉग/व्हर्च्युअल'मध्ये बंगळुरूचं एपेक्स सिटी झालंय. बेल कॉर्प नावाची कंपनी सगळ्यांना उत्पादकतेच्या आलेखावर बसवते. वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळाचे १०. तळाच्यांना विजेच्या ढालीपलीकडे हाकललं जातं. शहराचा चकचकीत भाग खरोखरच चकचकीत आहे, आणि तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या मूल्यमापनाची तारीख ठाऊक आहे.